गुस्ताभाऊंचा नावडीचा वर्ग

खोलीचं कुलूप उघडण्याआधी घरमालकांनी मला विचारलं, "तुमाले काय आवडत नाई?"

भाड्यानं खोली मागायला आलेल्या एकट्या बाईला लोक गाव विचारतात, आडनाव विचारतात, आडनावावरून जात कळली नाही तर आजोळ विचारतात. या सगळ्याची उत्तरं मी साताऱ्याहून पुलगावला येताना गाडीतच जुळवून ठेवली होती. हा प्रश्न त्या तयारीत नव्हता. म्हणून सभ्य माणसं म्हणतात तेच मी म्हणाले, "मला काहीही चालतं."

"मंग जमत नाई," ते म्हणाले आणि किल्ली खिशात टाकून वळले.

माझी ट्रंक बाहेर रिक्षात होती आणि दुसऱ्या दिवशी शाळेत रुजू व्हायचं होतं. मी घाईघाईनं म्हणाले, "दुधी भोपळा."

"दुधी भोपळा काय?"

"आवडत नाही. अजिबात."

ते परत फिरले. दुधी का आवडत नाही याबद्दल मी दोन वाक्यं बोलणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "काऊन ते नका सांगू. कारण सांगाले लागलं का मानूस वकील होते." आणि कुलूप काढलं. अटी दोनच होत्या. अंगणातला नळ घट्ट बंद करायचा, आणि संध्याकाळी ओसरीवर स्पॅनिश शिकायला बसायचं.

आणीबाणी उठली त्या वर्षीची ही गोष्ट. बोलायला बंदी होती ती उठली, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. बंदी नसताना तरी लोक खरं कुठं बोलत होते, असं विचारणारा मला त्या काळात हा एकच माणूस भेटला.

ते गिरणीत स्टोअरकीपर होते. स्पेन नकाशात कुठं आहे ते त्यांनी पाहिलं नव्हतं, पाहायची हौसही नव्हती. गावात त्यांना सगळे गुस्ताभाऊ म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि ते ओ देत. 'मे गुस्ता' म्हणजे मला आवडतं, 'नो मे गुस्ता' म्हणजे आवडत नाही. त्यांच्यामुळं एवढी स्पॅनिश पुलगावात दूधवाल्यालाही येत होती. उंच, किडकिडे, मान पुढं काढून चालत, आणि चालताना सायकल नेहमी हातात धरलेली. सायकलवर बसलेलं त्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांना सायकल आवडे, सायकल चालवणं आवडत नसे. घंटी मात्र वाजवत.

स्टेशनबाहेरच्या चहावाल्यानं त्यांना एकदा रिवाजाप्रमाणं विचारलं होतं, "चाय कसा झाला, भाऊ?" त्यांनी सांगितलं. तेव्हापासून तो चहावाला त्यांच्यापुरता चहा वेगळ्या भांड्यात, ताजं आलं कुटून करी. बाकीचे आम्ही "बढिया" म्हणत सकाळपासून उकळलेलं पाणी पीत असू. लग्नाच्या पंगतीत यजमान त्यांचं पान असलेली ओळ टाळून पुढं जात, पण आचारी मात्र मागच्या दारानं येऊन विचारून जाई, "भाऊ, वडाभात जमला का?" कारण तेवढ्या मांडवात त्याला खरं सांगणारा एकच माणूस होता.

वर्ग रोज दिवेलागणीला भरे. फळा म्हणजे गिरणीत आलेल्या यंत्राच्या खोक्याची एक बाजू, काळा रंग दिलेली. विद्यार्थी आम्ही तिघं. मी, भाडेकरू म्हणून. त्यांची मुलगी कुंदा, जी रोज पॅसेंजरनं वर्ध्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला जायची. आणि कोपऱ्यावरचे किराणावाले गोपाळशेठ, जे का येत हे त्यांनाही नीट सांगता येत नसे. मधेच कुणी तरुण यायचा, ही भाषा शिकून परदेशात नोकरी लागते का विचारायचा, "नाई" असं उत्तर मिळालं की दुसऱ्या दिवशी दिसायचा नाही. काकू, म्हणजे गुस्ताभाऊंच्या पत्नी, वर्गात नव्हत्या. त्या उंबरठ्याच्या आतल्या बाजूला बसून तूर निवडत. त्यांना विचारलं, तर म्हणत, "मले कायले पायजे? मले सारं चालते." तेवढ्या उत्तरावर गुस्ताभाऊंनी काकूंचं नाव तिथंच काटलं होतं.

अभ्यासक्रम आटोपशीर होता. आम्हाला स्पॅनिशमध्ये आकडे येत नव्हते, पाणी मागता येत नव्हतं, 'तुमचं नाव काय' विचारता येत नव्हतं. नामं तर मुळीच शिकवली जात नव्हती. "नाव कोनत्याबी भाषेत सापडते," ते म्हणत, "आपल्यापाशी तोंड नाई." त्यामुळं आम्ही स्पॅनिश क्रियापदाला वऱ्हाडी भाजी जोडायचो. मे गुस्ता पाटोडी. नो मे गुस्ता मुंगन्याच्या शेंगा. फारच आवडलं तर 'मे एन्कांता', आणि तो शब्द जपून वापरायचा, रोजच्या वापरातला नव्हे. एकानं आपली नावड सांगितली की शेजाऱ्यानं त्यावर आपलं मत द्यायचं. पटलं तर 'आ मी ताम्पोको', मलाही नाही आवडत. नाही पटलं तर 'आ मी सी', मला आवडतं बुवा. मधलं उत्तर नव्हतं. 'चालते' हा शब्द ओसरीवर बंद होता आणि 'काऊन' विचारायलाही बंदी होती. पहिला धडा सहा महिने चालला. मग दुसरा सुरू झाला. तो पहिलाच होता, फक्त जास्त मोठ्यानं.

त्यांना एक गोष्ट फार आवडायची. इंग्रजीत माणूस आधी 'आय' म्हणून स्वतः येऊन बसतो आणि मग आवड सांगतो. स्पॅनिशमध्ये मात्र वऱ्हाडातल्यासारखंच, वस्तू येते आणि मले आवडते. "आपल्याच घरची भाषा आहे," ते म्हणत. "फकस्त ते लोक वापरतात आन आपन झाकून ठेवतो."

खरं सांगायचं तर मला सुरुवातीला हे सगळं ढोंग वाटलं. बारा-पंधरा वाक्यं येणारा माणूस खडू हातात घेऊन उभा राहतो, तेव्हा शिक्षकाच्या पोटात जो राग उठतो तोही होता. पण गोपाळशेठची गोष्ट पाहून मी जरा सरळ बसू लागले. हा माणूस जन्मभर गल्ल्यावर बसून सगळ्यांना हो म्हणत आला होता. वर्गात त्यांची पाळी आली की घाम पुसत. "अरे भाऊ, दुकानदाराले नापसंद काय असनार? ग्राहक नाराज होते." कित्येक आठवडे ते 'मे गुस्ता' वरच थांबले. एका संध्याकाळी त्यांनी आधी गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं आणि हळूच म्हणाले, "नो मे गुस्ता डालडा." त्यांच्या दुकानात डब्यांची भिंत रचलेली होती. आम्ही तिघींनी, म्हणजे उंबरठ्याआडून खुदकलेल्या काकूंसह, तोंडाला पदर लावला. गोपाळशेठ मात्र तोंड धुतल्यासारखे ताजे दिसत होते. "हलकं वाटते यार," असं ते म्हणाले आणि चार पैशांचा हिशेब न करता सगळ्यांना शेंगदाणे वाटले.

गावाला आपल्यात एक विद्वान आहे हे कळायला उशीर लागला, पण कळल्यावर गावानं विद्वानाचं जे करायचं असतं तेच करायचं ठरवलं. सत्कार. एका मंडळाच्या वर्धापनदिनाला व्यासपीठ, हार, माईक, आणि 'परदेशी भाषांचे गाढे अभ्यासक' असा उल्लेख. अध्यक्षांनी शाल उलगडली. ती शेंदरी होती, कडेला चमकीची नक्षी. गुस्ताभाऊंनी ती पाहिली आणि माईकमध्ये ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "ही नाई आवडली."

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, काय विनम्र माणूस आहे.

"घ्या, घ्या, भाऊ, लाजू नका," अध्यक्ष म्हणाले आणि शाल त्यांच्या खांद्यावर घातली. गुस्ताभाऊंनी ती काढली. अध्यक्षांनी हसत हसत पुन्हा घातली. आपल्याकडं सत्कारात एवढी झटापट चालतेच, ती शोभेची समजतात. तिसऱ्यांदा गुस्ताभाऊंनी शालीची नीट चौपदरी घडी केली, अध्यक्षांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "साहेब, मी लाजत नाई. मले हा रंग आवडत नाई. तुमाले आवडत असन तं तुमीच घाला." मग नारळ तेवढा घेतला, कारण नारळ त्यांना आवडे, आणि बाहेर येऊन सायकल हातात धरून घरी निघाले. दुसऱ्या दिवशी गावात दोन मतं होती. एक, माणूस उर्मट आहे. दोन, शाल खरोखरच भयाण होती. दुसरं मत लोक त्यांच्याजवळ येऊन खासगीत सांगत.

ही विद्या त्यांच्याकडं आली कुठून, हे मी त्यांना उन्हाळ्यातल्या एका दुपारी विचारलं. काही वर्षांपूर्वी गिरणीत नवी यंत्रं बसवायला एक स्पॅनिश फिटर येऊन राहिला होता, लाल मानेचा, दणकट. त्याची सरबराई स्टोअरकीपरकडं. मोडक्या इंग्रजीवर आणि हातवाऱ्यांवर दोघांचं जमलं. मॅनेजरच्या घरी जेवण होतं. मॅनेजरीणबाईंनी पुरणपोळीवर तूप ओतून आग्रह सुरू केला. फिटरनं एक घास घेतला होता. त्यानं ताटावर हात धरला आणि शांतपणे म्हणाला, "नो मे गुस्ता."

"बाई म्हनते, काय म्हनतात पाहुने? मी म्हटलं, पोट भरलं म्हनतात." गुस्ताभाऊ सांगत होते. "त्या मानसाले काय समजलं कोन जाने. त्यानं माह्याकडं असं पाह्यलं का जसा मी त्याचा हातच पिळला. मले म्हने, बराबर सांग. मंग मी मान खाली घालून सांगतलं, बाई, त्याले नाई आवडली."

"मग?"

"मंग काय? मले वाटलं आता छत पडन. बाई म्हने, अगबाई, मंग त्यायले काय आवडते? आन आत जाऊन भात-वरन घेऊन आली." ते सायकलची घंटी पुसू लागले. "इतके वर्सं मी त्या घरी जेवलो. मले काय आवडते हे त्या बाईनं कधी इचारलं नाई. कायले इचारन? मी कधी नाई म्हटलंच नाई तं."

त्या दिवसापासून मी वर्गाला नाव ठेवणं सोडलं. शिकवायला माणसाजवळ पुष्कळ असावं लागत नाही, एक गोष्ट खरी असावी लागते, एवढं मला त्या वयात कळलं. तीच गोष्ट एक दिवस शिकवणाऱ्यावर उलटू शकते, हे कळायचं होतं.

कुंदाला वडनेरचं स्थळ आलं. आलं म्हणजे गुस्ताभाऊंनी ते मनात कधीपासून आणून ठेवलं होतं. मुलाचे वडील त्यांचे शाळेतले जिवलग मित्र, चांगले शेतकरी, शब्दाचे पक्के. मुलगा हिंगणघाटला सरकारी नोकरीत. दोन्ही घरांनी एक व्हावं ही गुस्ताभाऊंची जुनी इच्छा होती आणि त्या आठवड्यात 'मे एन्कांता' हा जपून वापरायचा शब्द ते दिवसातून चार वेळा वापरत होते.

पाहायचा कार्यक्रम झाला. मी काकूंना मदत म्हणून आत होते. चिवडा, चहा, गप्पा झाल्या. मुलगा खाली मान घालून बसला होता, वाईट नव्हता. मग मुलाचे काका घसा खाकरून म्हणाले, "एक गोष्ट आताच बोललेली बरी. आमच्या घरच्या बाया नौकरी नाई करत. तुमची पोरगी बी.एड. करतो म्हनते म्हने. ते आता राहू द्या. चालन ना?"

कुंदा कपाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिनं वडिलांकडं पाहिलं. बी.एड.ला जायचं हे तिनं दहावीपासून ठरवलेलं होतं आणि ते त्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. गुस्ताभाऊंनी मित्राकडं पाहिलं. मित्र हसला. गुस्ताभाऊ म्हणाले, "चालते."

आत काकूंच्या हातातला डाव थांबला. मी त्या घरात राहू लागल्यापासून तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. त्यांना स्वतःला तो ऐकू आला नसावा. ते पाहुण्यांना पानसुपारी देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर कुंदा मला म्हणाली, "ताई, पोरगा वाईट नाई व."

"मग?"

"तुमी ऐकलं ना."

"ऐकलं. बोल ना त्यांच्याशी."

"मामाले बोलली. मामा म्हने पहिल्यानं साऱ्याच पोरी नाई म्हनतात, लाजतात." बादली भरून वाहू लागली होती तरी ती नळ बंद करीना. "शालीसारखंच आहे, ताई. नाई म्हटलं का अजून जोरानं घालतात."

मामा म्हणजे काकूंचे भाऊ, देवळीला कपड्याचं दुकान, या स्थळाचे मध्यस्थ. उत्साही माणूस. कुणाचंही लग्न ठरलं की त्यांना स्वतःची उंची वाढल्यासारखी वाटे. आठवड्याभरात ते वडनेरचा होकार घेऊन आले. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची होती. ते आले तेव्हा ओसरीवर वर्ग चालू होता. वर्ग कुणासाठी थांबत नसे, त्यामुळं मामा खुर्चीत बसून पंचांग चाळू लागले.

गोपाळशेठनी सुरुवात केली. "नो मे गुस्ता पावडरचं दूध." माझी पाळी. "आ मी ताम्पोको," मी म्हणाले, आणि माझ्या वाटणीचं, "नो मे गुस्ता साहेबांची तपासणी." कुंदानं "आ मी सी" म्हणायला हवं होतं, कारण शाळातपासणीच्या दिवशी गंमत येते असं ती नेहमी म्हणायची. ते ती म्हणाली. मग उठून उभी राहिली. वर्गात कुणी उभं राहत नसे.

"नो मे गुस्ता वडनेर," ती म्हणाली.

गुस्ताभाऊंच्या हातात खडू होता. तो फळ्यावर टेकलेला तसाच राहिला.

"काय म्हटलं पोरीनं?" मामांनी पंचांगातून मान वर केली. त्यांना कुणी सांगितलं नाही.

आता उत्तर द्यायची पाळी गोपाळशेठची होती. वडनेरचं घर त्यांच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पायांकडं पाहिलं, गल्लीत पाहिलं.  मी काही बोलणार होते, पण माझी पाळी नव्हती, आणि त्या ओसरीवर पाळीला कायद्याचं वजन होतं. आत तूर सुपात पडत होती ती ऐकू येत होती. मग तीही थांबली.

"आ मी ताम्पोको," काकू म्हणाल्या.

त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. सूप मांडीवर होतं. उच्चार मात्र आमच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ होता. गुस्ताभाऊंनी बायकोकडं असं पाहिलं, जसं घरात वर्षानुवर्षं असलेल्या कपाटाला मागच्या बाजूनंही दार आहे असं कुणी दाखवावं.

"अरे काय चालू आहे काय?" मामा आता उभे राहिले. "भाऊजी, तारीख सांगा मले. त्या लोकायले उद्या निरोप द्यायचा आहे."

"तारीख नको काढू," गुस्ताभाऊ म्हणाले.

"काऊन?"

"पोरीले नाई आवडलं."

"काऊन नाई आवडलं? काय कमी आहे तिथं? इचारा ना तिले!"

ते कुंदाकडं वळले. प्रश्न त्यांच्या ओठांवर आलेला आम्हाला सगळ्यांना दिसला. आयुष्यात मनापासून धरलेली एक गोष्ट हातची जात होती, मित्र जात होता, आणि मुलगी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. नुसता एक शब्द विचारला असता तर तिनं सांगितलं असतं. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, एवढंच ना, मी बोलतो त्यांच्याशी, होईल सगळं. आणि मग तिचं 'नाही' हळूहळू 'हो' झालं असतं. अशी पुष्कळ 'नाही' मी पाहिली आहेत, चांगल्या कारणांनी पुसलेली. मला वाटतं हे सगळं त्यांनाही दिसलं असावं. त्यांनी खडू खाली ठेवला.

"मी नाई इचारनार," ते म्हणाले. "आन तूबी इचारू नको."

"लाजते ते, भाऊजी!"

"लाजनारा मानूस खाली पाहते. ते माह्याकडं पाहून बोलली."

मामांनी मग व्यवहार सुचवला. पत्रिका जुळत नाही असं कळवावं, कुणाचं मन दुखत नाही, सगळे असंच करतात. "पत्रिकेनं तुह्यं काय वाकडं केलं, तिले कायले बदनाम करतं?" गुस्ताभाऊ म्हणाले. निरोप नाही, चिठ्ठी नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून, सायकल हातात धरून स्टँडपर्यंत गेले, सायकल चहावाल्याकडं ठेवली आणि एसट्या बदलत वडनेरला पोचले. मामा भांडत भांडत सोबत होते. तिथं काय झालं ते मला मामांनीच सांगितलं, पुढं बरीच वर्षं, दर वेळी नव्या रागानं.

मित्रानं पाटावर बसवलं, गूळपाणी दिलं. गुस्ताभाऊंनी गुळाला हात लावण्याआधीच सांगून टाकलं. "पोरीले आवडलं नाई. तुह्या घरात काई खोट नाई. पोरात नाई. तिले आवडलं नाई."

"काऊन पन?"

"मी इचारलं नाई."

"सोताच्या पोरीले इचारलं नाई?"

"नाई."

मित्रानं गुळाची वाटी बाजूला सारली. "तुनंच तं चालते म्हटलं होतं," तो म्हणाला. "माह्या घरात नाई, तुह्याच घरात, माह्या भावापुढं म्हटलं. मी तुह्या शब्दावर हो केलं."

"म्हटलं होतं," गुस्ताभाऊ म्हणाले. "म्हनाले नव्हतं पायजे."

 मित्र त्यांच्याशी पुढं बोलला नाही. गिरणीतून निवृत्त झाले त्या दिवशी ते फाटकाकडं दोनदा पाहून आले. तो आला नव्हता. वडनेरकडचा कुणी भेटला की ते मित्राची खुशाली विचारत आणि आपला नमस्कार सांगू नको असंही बजावत, कारण नमस्कार तसाच परत आला असता.

घरात मात्र वारं बदललं. काकू वर्गात येऊन बसू लागल्या, अगदी पुढं. इतक्या वर्षांच्या साठलेल्या नावडी एकेक करून बाहेर आल्या. अंबाडीची भाजी घरातून गेली. दिवाळीला नणंदेकडं जाणं गेलं. एकदा त्या "नो मे गुस्ता सायकल" म्हणाल्या तेव्हा गुस्ताभाऊंनी "आ मी सी" म्हणून विषय संपवला आणि सायकल ओसरीवरून अंगणात नेऊन ठेवली. कुंदानं बी.एड. केलं, वर्ध्याला शाळेत लागली आणि तिथल्याच एका ग्रंथपालाशी लग्न केलं. मागणी घालायला तो पुलगावला आला तेव्हा गुस्ताभाऊंनी त्याला काय आवडत नाही ते विचारलं. त्यानं इतकी लांब यादी सांगितली की काकूंनी त्याला मधेच पाणी आणून दिलं.

पण ते 'काऊन' गुस्ताभाऊंच्या घशात राहिलंच. मला ते दिसायचं. कुंदा माहेरी आली की जेवताना ते "पोरी..." म्हणून सुरू करत आणि "भात घे" म्हणून थांबत. एकदा मला म्हणाले, "बाई, तुमी दोघी नळावर बोलत होत्या तवा." मी थांबले. "पानी कमी येते आजकाल," ते म्हणाले.

माझी बदली झाली तेव्हा ऐंशीच्या दशकातली निम्मी वर्षं उलटली होती. मला पोचवायला ते स्टेशनवर आले. त्यांनाही वर्ध्याला नातीला भेटायला जायचं होतं, आणि त्यांची गाडी माझ्या आधी होती. केस पांढरे झाले होते, मान आणखी पुढं आली होती. आम्ही बाकावर बसलो. सिग्नल पडला.

"तुमाले मालूम आहे," ते एकाएकी म्हणाले. कशाबद्दल ते विचारायची गरज नव्हती.

"हो, काका."

"सांगू नका."

"नाही सांगत."

पॅसेंजर दूर वळणावर दिसू लागली. ते उठले, पिशवी खांद्याला लावली, दोन पावलं गेले आणि परत आले.

"काऊन ते नाई इचारत," ते म्हणाले. "येवढंच सांगा. त्यात मी आहो का?"

खोटं बोलायला मला दोन-तीन सोईस्कर वाक्यं सुचली. ती मराठीत फार चांगली तयार मिळतात. मी त्यांच्याकडं पाहून म्हणाले, "आहात."

त्यांनी मान हलवली. डोळे गाडीकडं होते. "मंग पोरीचं बराबर होतं," ते म्हणाले.

गाडी लागली. ते गर्दीतून रेटून आत शिरले. खिडकीची जागा एका जाड्या माणसानं आधीच पटकावली होती आणि तो त्यांना मधे बसायचा हसून आग्रह करत होता. आवाज पोचत नव्हता तरी गुस्ताभाऊ काय उत्तर देत होते ते मला फलाटावरून स्पष्ट कळत होतं. गाडी सुटेपर्यंत तो माणूस सरकला होता.